चाळिशीनंतरचा रक्तदाब : स्त्री-पुरुष संप्रेरके आणि आपल्या रक्तवाहिन्या

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत 'लकवा' हा शब्द ज्या घराला ठाऊक नाही असे घर शोधून सापडणार नाही. सकाळपर्यंत धडधाकट असलेले माणूस दुपारी बांधीवर कोसळते, तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो आणि वाचा जाते. कुणी म्हणते वारे लागले, कुणी म्हणते करणी केली. मग मांत्रिक, मग मालिश, आणि दवाखाना सर्वांत शेवटी. परंतु मेंदूला रक्त पुरवणारी नलिका तुंबणे किंवा फुटणे एवढाच लकव्याचा अर्थ आहे, आणि तिच्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे वाढलेला आणि कुणीही न मोजलेला रक्तदाब.

जंगलातील जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला हिवताप, सर्पदंश आणि कुपोषण आठवते. पण गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांत दोन वर्षे होणाऱ्या प्रत्येक मृत्यूची नोंद घेऊन त्याचे कारण शोधले. हा अभ्यास २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले लकवा. दर १०० मृत्यूंपैकी १४ मृत्यू लकव्याने झाले होते, आणि लकव्याने गेलेल्या दर १०० जणांपैकी ८७ जणांनी दवाखान्यात नव्हे तर घरातच प्राण सोडला होता. शहरी, सुखवस्तू माणसाचा समजला जाणारा रोग धानाच्या बांधीत आणि तेंदूच्या जंगलात येऊन बसला आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

या रोगाच्या मुळाशी असलेल्या रक्तदाबाची एक चमत्कारिक गोष्ट आहे. तरुण वयात तो पुरुषांत जास्त आणि स्त्रियांत कमी आढळतो. पाळी जाण्याच्या वयानंतर मात्र स्त्रिया पुरुषांची बरोबरी करतात आणि म्हातारपणी त्यांच्याही पुढे जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांना आणि २१.३ टक्के स्त्रियांना वाढलेला रक्तदाब होता किंवा त्यासाठी त्यांचे औषध चालू होते. म्हणजे एकूण आकडेवारीत फरक थोडा आहे. खरा फरक वयोगटात दडलेला आहे. असे का होते, याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्या शरीरातील संप्रेरकांत, म्हणजेच हार्मोन्समध्ये आहे. ते उत्तर समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे झाले आहे. त्यामुळे विषय सामान्य वाचकाला आणि आपल्या विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत मांडला आहे. औषधोपचार मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने धमन्यांत ढकलले जाते. त्या वेळी धमनीच्या भिंतीवर पडणारा दाब हा वरचा आकडा, आणि हृदय सैल पडते त्या वेळचा दाब हा खालचा आकडा. १४० आणि ९० किंवा त्याहून अधिक आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

दाब वाढण्याची कारणे मुख्यतः दोन. एक तर नळीतील पाणी वाढले पाहिजे, किंवा नळी अरुंद झाली पाहिजे. मीठ आणि पाणी शरीरात साठवायचे की लघवीवाटे सोडायचे हे मूत्रपिंड ठरवते. म्हणून पहिल्या कारणाचा संबंध मूत्रपिंडाशी येतो. दुसऱ्या कारणाचा संबंध लहान धमन्यांशी आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा : नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. म्हणूनच केसासारख्या बारीक धमन्या किंचित आवळल्या तरी सर्व शरीराचा रक्तदाब चढतो.

धमनी ही निर्जीव नळी नव्हे. तिला तीन थर असतात. अगदी आतला थर एकाच पेशीच्या जाडीचा, गुळगुळीत अस्तरासारखा. मधला थर स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा. बाहेरचा थर आधार देणारा. मधला स्नायू आवळला की धमनी अरुंद होते, सैल झाला की रुंद होते; आणि आवळायचे की सैल व्हायचे याची आज्ञा बऱ्याच वेळा आतले अस्तर देते. ही आज्ञा ज्या पदार्थामार्फत दिली जाते तो एक वायू आहे, नायट्रिक ऑक्साईड. आपल्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या धुरात जो वायू प्रदूषण म्हणून मोजला जातो, तोच अत्यल्प प्रमाणात धमनीचे अस्तर स्वतः तयार करते आणि शेजारच्या स्नायूला सैल करते. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तदाब दीर्घकाळ चढलेला राहिला की हे अस्तर बिघडते. नायट्रिक ऑक्साईड कमी तयार होतो, आणि जो तयार होतो तोही लवकर नष्ट होतो. मधला स्नायू जाड होतो, लवचीक तंतू तुटतात, त्यांच्या जागी राठ तंतू भरतात. शेतकऱ्यांना हे सांगायला फार उदाहरणे नकोत. इंजिनला लावलेला नवा रबरी पाइप पाण्याचा झटका सोसतो, किंचित फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. चार उन्हाळे खाल्लेला पाइप कडक होतो आणि त्याच झटक्याने चिरतो. धमनीचेही तसेच होते. दाबामुळे धमनी कडक होते आणि कडक धमनीमुळे दाब आणखी वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे.

स्त्रीसंप्रेरकाचे काम

संप्रेरके म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेले संदेश. स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारे मुख्य संप्रेरक इस्ट्रोजेन. पाळी, गर्भधारणा आणि स्तनांची वाढ एवढ्यापुरतेच त्याचे काम असावे असे पूर्वी मानले जाई. परंतु हे संप्रेरक ओळखणारे ग्राहक, म्हणजे कुलपाला किल्ली बसावी तशा जागा, धमनीच्या अस्तरात आणि स्नायूतही आहेत. तेथे इस्ट्रोजेन पोहोचले की चार गोष्टी घडतात.

पहिली, अस्तरातील नायट्रिक ऑक्साईड बनवणारी यंत्रणा कामाला लागते आणि धमनी सैल राहते. दुसरी, नायट्रिक ऑक्साईडचा नाश करणारे दाहक पदार्थ कमी होतात. तिसरी, शरीरातील अँजिओटेन्सिन नावाचा धमन्या आवळणारा आणि मीठ धरून ठेवणारा पदार्थ काहीसा काबूत राहतो. तो तयार करणारे विकर आणि त्याचा हुकूम ऐकणारे ग्राहक, दोन्ही कमी होतात. चौथी, स्नायूपेशींची नको असलेली वाढ आणि राठ तंतूंची भर मंदावते. थोडक्यात, रक्तदाब वाढू लागला तरी धमनीने जाड आणि कडक होऊ नये यासाठी इस्ट्रोजेन आतून डागडुजी करीत असते.

गरोदरपणात याचे ठळक उदाहरण दिसते. त्या काळात शरीरात रक्ताचे प्रमाण बरेच वाढते. मग रक्तदाबही वाढायला हवा. प्रत्यक्षात पहिल्या पाच-सहा महिन्यांत तो थोडा उतरतो, कारण वाढलेली संप्रेरके आणि नायट्रिक ऑक्साईड धमन्यांना सैल करतात. ज्या गरोदर स्त्रीचा रक्तदाब उलट चढतो, लघवीतून प्रथिने जातात, अंगावर सूज येते, तिच्या जिवाला धोका असतो. शिवाय बाळंतपणानंतर सर्व ठीक झाले तरी अशा स्त्रीला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाबाचा आणि लकव्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. म्हणून बाळंतपणात 'बीपी वाढला होता' ही गोष्ट घरच्यांनी विसरू नये. वीस वर्षांनी ती उपयोगी पडते.

पुरुषसंप्रेरकाचे दोन चेहरे

पुरुषाच्या वृषणात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन रक्तदाब वाढवते, असे मानण्यास प्रयोगांचा आधार आहे. जपानमध्ये क्योटो येथे ओकामोटो आणि आओकी या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये जन्मजात उच्च रक्तदाब होणारी उंदरांची एक जात तयार केली. या जातीत नरांचा रक्तदाब माद्यांपेक्षा जास्त चढतो. लहानपणीच नराचे वृषण काढले तर त्याचा दाब मादीच्या पातळीवर राहतो. पुन्हा टेस्टोस्टेरॉन टोचले तर वर जातो. मिठाने रक्तदाब चढणारी उंदरांची दुसरी एक जात आहे. तिच्यातील मादीची अंडाशये काढली की तिचा रक्तदाब वाढतो आणि इस्ट्रोजेन दिले की ही वाढ रोखली जाते. टेस्टोस्टेरॉनमुळे मूत्रपिंड मीठ अधिक धरून ठेवते आणि अँजिओटेन्सिनची यंत्रणा जोर धरते, असे या प्रयोगांतून दिसते.

पण एवढ्यावरून पुरुषसंप्रेरकाला खलनायक ठरवणे बरोबर होणार नाही. प्रयोगशाळेत धमनीच्या तुकड्यावर टेस्टोस्टेरॉन टाकले तर ती धमनी आवळत नाही, उलट सैल होते. आणि ज्या वयस्क पुरुषांत ते फारच कमी असते त्यांच्यात वाढलेले वजन, मधुमेह आणि कडक धमन्या अधिक प्रमाणात आढळतात. म्हणजे नैसर्गिक प्रमाणात ते पुरुषाच्या शरीराला हवेच आहे. धोका आहे तो बाहेरून भरमसाट घेण्यात. पोलीस भरतीची किंवा शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दंड लवकर फुगावेत म्हणून टोचली जाणारी 'स्टेरॉईड'ची इंजेक्शने म्हणजे बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची भावंडे असतात. त्यांनी रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो आणि शरीराचे स्वतःचे संप्रेरक बनणे थांबते.

सवलत मुदतीची आहे

बँकेच्या भाषेत सांगायचे तर इस्ट्रोजेनमुळे स्त्रीला मिळणारे संरक्षण ही मुदतीची सवलत आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ वर्षांच्या सुमारास जाते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडची सवलत चार-पाच वर्षे आधीच संपते. त्यानंतर अस्तराचा नायट्रिक ऑक्साईड घटतो, मिठाचा परिणाम रक्तदाबावर अधिक होऊ लागतो, वजन पोटाभोवती साठते आणि धमन्या झपाट्याने कडक होतात. याच सुमारास तिला अंगातून वाफा येणे, घाम सुटणे, झोप न लागणे, छातीत धडधड होणे असे त्रास होतात. घरची माणसे म्हणतात, 'वयच तसं आहे.' ते खरे असते. पण त्याच वयात चढलेला रक्तदाब या तक्रारींच्या आड लपून बसतो, कारण त्याला स्वतःचे असे कोणतेही ठरावीक लक्षण नसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सारा दोष पाळी जाण्यालाच द्यावा असे नाही. अमेरिकेत ३२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की स्त्रीचा रक्तदाब सुरुवातीला पुरुषापेक्षा कमी असला तरी तो वाढण्याचा वेग तरुणपणापासूनच अधिक असतो. वय, वजन, मीठ, आनुवंशिकता यांचाही वाटा मोठा आहे. म्हणून पन्नाशीची वाट न पाहता तिशीपासूनच मोजणी सुरू करणे शहाणपणाचे.

मुदत संपण्याआधीच सवलत काढून घेतली गेली तर काय होते? दुर्दैवाने याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये देशभर झाली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले; त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा होतो, मजुरी बुडते, दंड बसतो, म्हणून पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला गरीब बाईच्या गळी उतरवला गेला.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर त्या स्त्रीचे इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते. जे निसर्ग काही वर्षे घेऊन हळूहळू करतो ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर तासाभरात होते. अंडाशये ठेवली तरी त्यांचे काम इतर स्त्रियांपेक्षा लवकर थांबण्याचा संभव असतो. ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि पुढे संप्रेरकांचा उपचार न मिळालेल्या स्त्रियांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक दिसून आले आहेत. कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी शस्त्रक्रिया करावीच लागते, त्याला इलाज नाही. पण पांढरे पाणी जाणे, ओटीपोट दुखणे यांसाठी आधी औषधे आहेत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले होते, की ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यांपैकी फारच थोड्यांना कधी उपचार मिळाला होता. जंतुसंसर्गाचा उपचार वेळेवर न मिळालेली बाईच पुढे 'पिशवी काढा' या सल्ल्याला बळी पडते. म्हणून आपल्या घरातील स्त्रीला असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे, आणि 'अंडाशये ठेवणार की काढणार' हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

मग बाहेरून इस्ट्रोजेन द्यावे काय?

विचारी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत लाखो स्त्रिया पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेत होत्या आणि त्याने हृदय सुरक्षित राहील असे डॉक्टरांनाही वाटत होते. त्याची परीक्षा म्हणून १६,६०८ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनची गोळी आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी देण्यात आली. २००२ मध्ये हा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सात हृदयविकाराचे, आठ लकव्याचे आणि आठ स्तनांच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त निघाले होते.

असे का व्हावे? या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यांच्या धमन्या अनेक वर्षे इस्ट्रोजेनविना राहिल्या होत्या. अस्तर बिघडलेले, भिंतीत चरबीचे थर जमलेले. शिवाय तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४३ स्त्रियांवरील प्रयोगात मानेतील धमनीची जाडी मोजण्यात आली. पाळी जाऊन सहा वर्षे झालेली नव्हती अशा स्त्रियांत इस्ट्रोजेनने धमनीची जाडी वाढण्याचा वेग कमी केला. दहा वर्षे उलटून गेलेल्यांत त्याचा काहीही उपयोग झाला नाही. चांगल्या अवस्थेतील घराला रंग दिला तर ते टिकते. पोपडे निघालेल्या भिंतीवर दिलेला रंग पोपड्यांसकट गळून पडतो, तसाच हा प्रकार.

सारांश, रक्तदाब किंवा लकवा टाळण्यासाठी म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या घेऊ नयेत, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. अंगातून वाफा येण्याचा त्रास असह्य असेल, किंवा अंडाशये अकाली काढावी लागली असतील, तर तज्ज्ञ डॉक्टर तपासणी करून ठरावीक काळासाठी त्या देतात. तो निर्णय त्यांचा.

हाच नियम कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनाही लागू आहे. 'माला-डी', 'माला-एन' या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असतात. बहुसंख्य तरुण स्त्रियांना त्या सुरक्षित आहेत. परंतु गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे यकृत अँजिओटेन्सिनचा कच्चा माल अधिक बनवते आणि काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो. आधीच उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीने या गोळ्या घेऊ नयेत. तिच्यासाठी तांबीसारखी दुसरी साधने आहेत. म्हणून गोळ्यांचे पाकीट हाती पडण्यापूर्वी एकदा दंडाला पट्टा बांधला गेलाच पाहिजे. तसेच उच्च रक्तदाबाचे औषध चालू असलेल्या तरुण स्त्रीला दिवस राहिले किंवा तसा विचार असला तर ताबडतोब डॉक्टरांना सांगावे, कारण 'एनालाप्रिल'सारखी काही औषधे गर्भाला घातक असतात.

आपल्या जिल्ह्यांत काय करता येईल?

कोळसा खाणीतील कामगाराची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी ना कधी येतोच. मे महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला जाणारी, पावसाळ्यात दिवसभर वाकून रोवणी करणारी त्याच वयाची बाई कुणाच्याच नोंदवहीत नसते. गरोदरपणात तिचा रक्तदाब मोजला जातो. शेवटचे मूल झाले की पुढची वीस-पंचवीस वर्षे तिच्या दंडाला पट्टा लागत नाही. आणि नेमक्या त्याच वर्षांत तिची नैसर्गिक सवलत संपते. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पुरुषांप्रमाणे स्त्रियाही खातात. तंबाखूतील निकोटीन प्रत्येक वेळी धमन्या आवळते, नाडी आणि रक्तदाब चढवते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा एक-दोन वर्षे आधी जाते, असेही दिसून आले आहे. तिसरी गोष्ट मिठाची. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एक चमच्यापेक्षा, जास्त मीठ खाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भातावर वरून घेतलेले मीठ, लोणचे, पापड आणि खारवलेली सुकी मासोळी यांनी ही मर्यादा दुपारच्या जेवणातच ओलांडली जाते. पाळी गेलेल्या स्त्रीच्या धमन्यांना हे मीठ अधिक बाधते, हे वर आलेच आहे.

तपासणी अवघड नाही. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाचा रक्तदाब उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मोजण्याची शासनाची योजना आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा किंवा खर्रा घेऊ नये, पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या उंचीवर असावा. एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. औषध सुरू झाले तर बरे वाटते म्हणून बंद करू नये. बरे वाटते ते औषधामुळेच. वरचा आकडा १० ने उतरला तरी लकव्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, हे अनेक प्रयोगांच्या एकत्रित हिशोबातून सिद्ध झाले आहे. रोजच्या एका स्वस्त गोळीने एवढा लाभ देणारी दुसरी गुंतवणूक निदान माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या संस्थेच्या तरुण सभासदांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता फार महाग राहिलेले नाही आणि ते वापरायला शिकणे त्याहून सोपे आहे. प्रत्येक वस्तीत दोन मुलामुलींनी ते आरोग्य सेविकेकडून शिकून घ्यावे, एक वही घालावी आणि चाळीस वर्षांवरील प्रत्येक बाईचे नाव, तारीख आणि आकडा तिच्यात लिहावा. १४० आणि ९० च्या वर ज्यांचा आकडा पुन्हा पुन्हा जाईल त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवावे. सुरुवात आपल्या घरातून करावी. आई, मावशी, आत्या, मोठी बहीण यांच्यापैकी कितीजणींचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला, हा प्रश्न ही स्मरणिका मिटण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारावा आणि येत्या आठवड्यातच त्याचे उत्तर वहीत लिहून टाकावे.